नळावरचं गुलाबी फडकं

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्याच्या बाजारात रोहू घेत होतो. त्यांचा भाचा दोन वाक्यं बोलला आणि फोन ठेवला. कोळिणीने मासा काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून पुढे केला, आणि मला एकदम शिसारी आली... मासा तिथेच सोडून घरी आलो. महिना झाला, ती शिसारी काही जात नाही.

अक्का देवपूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या, मी त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस. निवृत्तीनंतर त्यांनी घरामागच्या खोलीत काचेची भांडी मांडली, मी तिथेही मदतीला. जळगावच्या मेहरूण तलावाकाठून पिशव्यांच्या चिंध्या आणायच्या, त्यांचा बारीक भुगा करायचा, एका भांड्यात तो मिसळायचा, दुसऱ्यात नुसतं बोअरच्या नळाचं पाणी, आणि दोन्हींत रोहूची अंडी सोडायची. नुकतं निघालेलं पिल्लू आरपार दिसतं. भुग्यातल्या पिल्लांच्या आतड्यात कचरा ठासलेला, काळजाभोवती पाणी साचलेलं, कणा वाकडा. सुईने डिवचलं तरी हलायची नाहीत. दोन-तीन दिवसांचा जीव, तोंड उघडलं की पहिला घास आपल्या पिशवीचा. थू असल्या जिण्यावर.

पण चांगल्या पाण्यातली पिल्लंही वाकडीच निघत. दोन वर्षं हेच. जिथे तुलनेचं भांडंच नासलेलं, तिथे अक्कांचं म्हणणं कोण ऐकणार? एका सकाळी त्यांनी मला मायक्रोस्कोपशी बोलावलं. "भाऊ, हाऊ गुलाबी दोरा कथाईन उना?" दोरा आला कुठून ते बघायला मी डोळा लावला. चांगल्या पाण्यातल्या पिल्लाच्या पोटात गुलाबी तंतू होता. आमच्याकडे नळाला फडकं बांधल्याशिवाय कुणी पाणी भरत नाही. मीही बांधलं होतं, बायकोच्या जुन्या गुलाबी नायलॉन साडीचं, चार पदरी, मोठ्या कौतुकाने. नायलॉन म्हणजे प्लास्टिकच की! वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत राबलेला मी, आणि ही अक्कल. अक्कांनी उठून फडकं सोडलं. "जाऊ दे भाऊ, आते सुती बांध," एवढंच म्हणाल्या. नव्याने मांडामांड सुरू केली, पण नवी अंडी फुटायच्या आत त्याच गेल्या.

कॉलेजातल्या शोकसभेत एकजण हळहळत म्हणाले, उतारवयात बाईंची नजर गेली होती, त्यामुळे शेवटचे प्रयोग फसले. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली... त्या क्षणाची आठवण झाली की स्वतःचीच किळस येते.

परवा भाच्याने खोली आवरायला बोलावलं. कपाटात अक्कांची नोंदवही सापडली. त्या सकाळच्या पानावर त्यांच्या रेखीव अक्षरात होतं : "दोन वर्षांच्या नोंदी रद्द. गाळण्याचं कापड मी निवडलं होतं. चूक माझी." मी पेन काढलं. मग शेवटच्या दोन वाक्यांवर रेघ मारली, खाली लिहिलं, फडकं मी बांधलं होतं, आणि पूर्ण नावाने सही केली. शोकसभेत उठून बोलायला हवं होतं, ते एवढंच होतं.