सशाच्या कानातली फट

पडदा वर जातो. दोन खोल्यांचं घर. खिडकीपाशी एक बाई उभी, ओठांत ब्रश धरलेला. भिंतीवर जागा मिळेल तिथं चिकटवलेले ससे. मागे शिवणयंत्राची खडखड.

ही आमच्या नाटक कंपनीची पडदेवाली. राजवाडे, अरण्यं, तुरुंग तिनं रंगवले आणि त्यांच्यापुढे उभं राहून टाळ्या आम्ही घेतल्या. कंपनी बंद पडली तेव्हा आम्ही नटमंडळी ढसाढसा रडलो. हिनं मात्र लेकीचं जुनं गोष्टींचं पुस्तक उघडलं, ते मिटलंच नाही. प्रत्येक गोष्टीच्या माथ्यावर तोच एक ससा छापलेला. तो काढणारा चित्रकार तिचं दैवत. त्याची रेघ आपल्या हातात उतरावी, एवढाच ध्यास.

पण बसून तिला जमेना! जन्मभर लांब दांड्याच्या ब्रशनं उभ्याउभ्या काम केलेलं. म्हणून वीतभर ससाही ती उभ्यानंच काढायची, डोळे बारीक करून मागे मागे सरकायची आणि शिवणाऱ्या नवऱ्याला धडकायची.

"शेवटच्या रांगेतून झकास दिसतोय हो तुझा ससा," तो म्हणायचा. "पण पोरं पुस्तक मांडीवर घेतात!"

"तुम्ही आपली काजं करा."

म्हणायची खरी, पण टोमणा लागायचा. कागद फाडायची, पुन्हा सुरू. सगळा जीव त्या डाव्या कानात अडकलेला. पुस्तकातल्या सशाची रेघ तिथं मध्येच तुटायची, तांदळाच्या दाण्याएवढी फट. "ती फट आहे ना, तिच्यामुळे कान हलतो," ती मला सांगायची. "खरी करामत तिथंच आहे."

अशात कळलं, चित्रकाराचे हात थरथरतात आणि शेवटचं पुस्तक पुरं करायला त्यांना दुसरा हात हवा आहे. मग काय विचारता! तिचं जेवणात लक्ष लागेना, झोप उडाली. धीर द्यायला मी सोबत गेलो. सबंध वाटेत ती बोटानं हवेत कान काढत होती.

म्हाताऱ्यानं तिचा कागद नाकाशी धरला.

"रेघ गोड आहे. पण ही फट कशाला सोडलीत?"

"तुम्ही सोडता म्हणून."

"मी?" त्यांनी कपाटातून मूळ चित्र काढलं. कान अखंड! "अहो बाई, छापखान्यातला ठसा फुटका होता. मी भांडलो होतो त्या माणसाशी!"

ती मटकन खुर्चीत बसली.

"उठा. इथं काढा, अखंड."

तिनं ब्रश घेतला. कान अर्ध्यावर आला आणि मनगट आपोआप उचललं गेलं. पुन्हा काढला, पुन्हा फट. तिसऱ्यांदा तिनं डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरलं, तरी तेच.

"असू दे," ते म्हणाले. "मूळ चित्र घेऊन जा. पुढच्या आठवड्यात अख्खा कान आणा. तोवर मी कुणाला हो म्हणत नाही."

आम्ही निघालो. अर्धा जिना उतरल्यावर ती थबकली आणि धडधडत परत वर गेली. दारातूनच, चित्र छातीशी धरून, धापा टाकत तिनं विचारलं,

"काका, एवढं सांगा. मिशा तरी तुमच्याच ना?"