जांगडवर आणलेली हवा

आमच्या घरात हवा आहे, हे मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत ती आपली येत-जात होती. खिडकीतून यायची, दारातून जायची, वाटेत जमलं तर आमच्या नाकात डोकावायची. आम्ही तिच्याकडे लक्ष देत नव्हतो, तीही आमच्याकडे देत नव्हती. असा सुखाचा शेजार चाललेला असताना आमच्या जावयांनी फोनवर एक प्रश्न विचारला.

आमची एकुलती एक अश्विनी तलासरीला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्या रानशेतच्या घरी होणार, हे कोणी ठरवायचीही गरज नव्हती. आठवा लागला की ती येणार होती. माझ्या बायकोनं, सुमननं, मधली खोली रिकामी करून ठेवली होती, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवून झाली होती. तेवढ्यात केतनरावांनी विचारलं, "पपा, तुमच्याकडे हवा कशी आहे? हल्ली घरातली हवा मोजायचं यंत्र मिळतं म्हणे."

एवढंच. त्यानंतर ते आंब्यांवर बोलले. पण मी अठ्ठावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. कोणी प्रश्न विचारला की त्याला गुण असतात, अशी माझी समजूत. फोन ठेवेपर्यंत माझ्या डोक्यात प्रश्नपत्रिका छापून तयार होती: मधल्या खोलीची हवा मोजून दाखवा, उत्तीर्ण झाल्यास मुलगी पाठवण्यात येईल.

दुसऱ्याच दिवशी डहाणू गाठलं. जिग्नेशभाईंच्या दुकानात पंख्यापासून इस्त्रीपर्यंत सगळं मिळतं, आणि जे मिळत नाही ते आठ दिवसांत येतं. हवेचं यंत्र म्हटल्यावर त्यांनी एक सोडून दोन काढली. एक गोल, पांढरं, इडलीएवढं. हवा चांगली असली की त्यात हिरवा दिवा, वाईट झाली की लाल. दुसरं चौकोनी, उभं, पडद्यावर आकडे दाखवणारं. एक आकडा बारीक धुळीचा, एक कार्बन डाय-ऑक्साईडचा, आणि आकडा चढला की चीं चीं करून ओरडणार. मी दोन्ही उलटीसुलटी करून पाहिली, मुलगी बघायला आल्यासारखी. कळलं काहीच नाही.

"मास्तर, दोन्ही लई जाओ ना," जिग्नेशभाई म्हणाले. "जांगड. आठ दिवस वापरा, जे बरोबर वाटेल ते ठेवा, दुसरं परत आणा."

(जांगड म्हणजे माल घरी न्यायचा, पसंत पडला तर पैसे द्यायचे, नाहीतर माल परत. आमच्याकडे लग्नाच्या साड्या अशाच घरी येतात. हवा मात्र जांगडवर आणणारा तालुक्यातला मी पहिलाच असेन.)

बरोबर असेल ते नव्हे, बरोबर वाटेल ते ठेवा, असं जिग्नेशभाई म्हणाले होते. पुढचा सगळा घोळ या एका शब्दात होता, पण तो माझ्या लक्षात यायला आठ दिवस लागले.

घरी येऊन शास्त्रशुद्ध प्रयोग केला. दोन्ही यंत्रं देव्हाऱ्यापुढे ठेवली आणि एक उदबत्ती लावली. चौकोनी यंत्राचा आकडा पस्तिसावरून दीडशेवर गेला आणि ते किंचाळायला लागलं. गोल यंत्र हिरवंच. दुसरी उदबत्ती लावली, हिरवंच. तिसरी त्याच्या नाकाशी नेली, तेव्हा कुठे ते अनिच्छेनं पिवळं झालं आणि मी पाठ वळवताच पुन्हा हिरवं. सातवीतल्या पोरालाही कळलं असतं की गोल यंत्र झोपलेलं आहे. मलाही कळलं. म्हणूनच मी ठरवलं की केतनरावांना फोटो गोल यंत्राचे पाठवायचे आणि घरच्यांना ओरडायला चौकोनी वापरायचं.

"यातलं खरं कुठलं?" सुमननं विचारलं.

"दोन्ही," मी म्हणालो. "आपापल्या जागी."

पहिल्या दिवशी फोडणी बंद झाली. मोहरी तडतडली की चौकोनी यंत्र मधल्या खोलीतून तडतडायचं. दुसऱ्या दिवशी उदबत्ती गेली. देवांना मी समजावलं, तात्पुरतं आहे. तिसऱ्या दिवशी सुमननं वैतागून स्वयंपाक मागच्या अंगणात चुलीवर नेला, तर वारा उलटा फिरला आणि चुलीचा धूर खिडकीतून खोलीत. म्हणून खिडकी बंद. दार बंद. दाराखाली गोणपाट. बंद खोलीत यंत्रासमोर वही घेऊन मी बसलो. दर अर्ध्या तासानं नोंद. धुळीचा आकडा उतरला, हे बघून जरा हुशारी येतेय तोवर कार्बनचा चढायला लागला. सातशे, नऊशे, अकराशे. मला घाम फुटला. (पंखा बंद होता, धूळ उडू नये म्हणून.)

कार्बन कुठून येतोय? बाहेर जाऊन पाहिलं तर शेजारच्या शेतात भिवा राब भाजत होता. पावसाआधी रोपं टाकायची जागा पालापाचोळा, शेणखत पसरून जाळतात, ती इथे पिढ्यान्‌पिढ्या जाळतात. मी बांधावर उभा राहून त्याला हवेचं महत्त्व सांगितलं आणि राब महिनाभर पुढे ढकलता येईल का, असं विचारलं. भिवा माझा विद्यार्थी. त्यानं काठीवर हनुवटी टेकून सगळं ऐकून घेतलं.

"ढकलू की, गुरुजी," तो म्हणाला. "मग भात तुमच्या खोलीत पेरतो. ती रिकामीच ठेवलीय ना?"

चौथ्या दिवशी दुपारच्या एसटीनं जानकी मावशी आली. ही सुमनची मावशी, उधव्याची. आमच्या नात्यात गेल्या चाळीस वर्षांत जी मुलं जन्मली त्यातली निम्मी तिनं न्हाऊमाखू घातलेली. अश्विनीच्या बाळंतपणासाठी ती महिनाभर आधीच हजर झाली होती. एका हातात ओव्याची, बाळंतशेपांची, डिंकाची पिशवी आणि डोक्यावर नवी कोरी मातीची शेगडी. बाळंतिणीला शेक द्यायला नवी शेगडी लागते आणि नवी शेगडी आधी एकदा पेटवून तावून घ्यावी लागते. मावशीनं हात-पाय धुतले, चहा घेतला आणि मधल्या खोलीत शेगडी पेटवली. वर चिमूटभर ओवा टाकला.

चौकोनी यंत्रानं तोपर्यंत आपली पूर्ण ताकद दाखवलीच नव्हती, हे मला तेव्हा कळलं. अंगणातल्या कोंबड्या पडवीवर चढल्या. मावशीला वाटलं गॅस फुटतोय. तिनं शेगडी उचलली आणि सगळी खोली धुरानं भरत दारातून बाहेर धावली, मागून मी यंत्र घेऊन. अंगणात पोचल्यावर दोघंही खोकत होतो. इथे मी थांबायला हवं होतं. खोकला हे थांबायला उत्तम निमित्त असतं.

पण मी तास घेतला. धूर, बारीक कण, फुप्फुसं, नवजात अर्भक. फळा नव्हता म्हणून जमिनीवर काडीनं आकृती काढली. (आणि सांगून ठेवतो, मी सांगत होतो त्यातलं काही चूक नव्हतं. धूर बाळाला वाईटच. हेच तर दुर्दैव आहे, माझ्यासारखा माणूस बरोबर असला की त्याला आवरणं कठीण.)

मावशीनं आकृतीकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाली, "सुमनला मीच शेकलं, मास्तर. अश्विनीला याच खोलीत शेकलं. तेव्हा हा डबा कुठं होता?"

"म्हणूनच तर," मी म्हणालो. "म्हणूनच अश्विनीची छाती लहानपणापासून नाजूक."

अश्विनीला लहानपणी दोनदा सर्दी झाली होती. यापलीकडे माझ्याकडे पुरावा नव्हता. पण हातात आकडे दाखवणारं यंत्र असलं की तोंडातलं वाक्यही मोजून काढल्यासारखं वाटतं.

 मावशीनं शेगडीतले निखारे पाण्यानं विझवले, पिशवी उचलली, शेगडी गार व्हायची वाट पाहत ओट्यावर बसून राहिली. ती गार झाल्यावर डोक्यावर घेतली आणि निघाली. सुमन तिच्यामागून फाट्यापर्यंत गेली. मी गेलो नाही. साडेतीनची नोंद घ्यायची होती.

त्यानंतर घरात कमालीची स्वच्छता आली. फोडणी नाही, उदबत्ती नाही, मावशी नाही. सुमन बोलेनाशी झाली, त्यामुळे आवाजसुद्धा नाही. मी रोज सकाळी गोल यंत्राचा हिरवा फोटो काढून केतनरावांना आणि अश्विनीला पाठवायचो, खाली "आजची हवा : उत्तम". केतनराव अंगठा पाठवायचे. पहिले चार दिवस अश्विनीनंही पाठवला. मग तिनं नुसतं बघायला सुरुवात केली.

चौकोनी यंत्राचा कार्बन मात्र उतरेना. खोली सीलबंद, आत चिटपाखरू नाही, मी एकटा वही घेऊन बसलेलो, तरी आकडा बाराशे, तेराशे. जमिनीतून येतोय का, भिंतीतून येतोय का, मी टॉर्च लावून कोपरे शोधले. सातव्या दिवशी सुमन दारात येऊन उभी राहिली आणि तीन दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"तुम्ही जरा बाहेर जाऊन बसा."

मी ओट्यावर जाऊन बसलो. अर्ध्या तासानं तिनं वही आणून माझ्या मांडीवर ठेवली. माझ्या नोंदींखाली तिच्या गोल अक्षरात दोन ओळी होत्या.

मास्तर आत, दार बंद : १४६०.
मास्तर बाहेर, दार उघडं : ६२०.

श्वासातून कार्बन डाय-ऑक्साईड बाहेर पडतो, हे मी अठ्ठावीस वर्षं दरवर्षी जूनमध्ये शिकवत आलो होतो. चुन्याच्या निवळीत फुंकर मारून दाखवत आलो होतो. फुंकर माझीच असायची.

आठव्या दिवशी अश्विनीचा फोन आला. सुमननं तो स्पीकरवर टाकून माझ्यासमोर ठेवला आणि स्वतः शेंगा सोलत बसली. अश्विनी म्हणाली की ती इथेच, तलासरीलाच राहील. सासूबाईंनी खोली तयार केली आहे.

मी म्हणालो, "अगं, पण आपली हवा उत्तम आहे. फोटो बघतेस ना?"

"बघते ना, बाबा. रोज बघते." ती म्हणाली, "तिथं येऊन मी आडवं पडायचं, का त्या डब्यासमोर श्वास धरून बसायचं? आणि मावशी त्या दिवशी उधव्याला गेलीच नाही. तलासरीला उतरून इथं आली. डोक्यावर शेगडी घेऊन. दारात उभी राहून मला विचारत होती, तुझी छाती खरंच दुखते का गं माझ्यामुळं."

 तिच्या मागून केतनरावांचा आवाज आला. बिचारे फार अवघडले होते. "पपा, मी आपलं सहज विचारलं होतं हो. ऑफिसात कोणी तरी यंत्र घेतलं होतं, म्हणून."

नवव्या दिवशी दोन्ही यंत्रं पिशवीत घालून दुकानात गेलो. दोन्ही परत द्यायची म्हणून निघालो होतो, पण जिग्नेशभाईंनी विचारलं, "मास्तर, कयुं राखवानुं? कुठलं ठेवायचं? बरोबर कुठलं निघालं?"

"चौकोनी."

"कसं कळलं?"

"ते मला वाईट म्हणालं," मी सांगितलं आणि त्याचे पैसे दिले.

नात झाली. बाराव्या दिवशी आम्ही तलासरीला गेलो. एसटीत मी सुमनशेजारी बसून मनातल्या मनात वाक्य घोकत होतो: मावशी, माझं चुकलं, मी बोलू नये ते बोललो. एवढं साधं. पिशवीत यंत्रही होतं. (सुमनला माहीत नव्हतं. मला वाटलं, तिथे शेगडी असणार, धूर असणार, नातीच्या भल्यासाठी कोपऱ्यात हळूच ठेवून देऊ. आणि खरं सांगायचं तर मला ते तिथे ओरडायला हवं होतं.)

खोलीत गेलो. खिडक्या सताड उघड्या. शेगडी आत नव्हती, बाहेर अंगणात, वारा धूर खोलीपासून लांब नेईल अशा बाजूला. मावशी तिथे फडकं गरम करायची, आत आणून बाळंतिणीच्या पाठीला लावायची, पुन्हा बाहेर जायची. साठी उलटलेली बाई, मी मोजणार नाही म्हणता म्हणता अकरा फेऱ्या मोजल्या. अश्विनी म्हणाली, मावशीनं पहिल्या दिवसापासून हेच चालवलंय, धुराची भांडी आत आणू देत नाही. कोणी विचारलं तर सांगते, आमचे मास्तर शिकलेले आहेत, ते सांगतात धूर वाईट.

मी पिशवीत हात घालून चोरून यंत्र पाहिलं. धूळ अकरा. इतका चांगला आकडा आमच्या घरात एकदाही आला नव्हता.

मावशी फडकं ठेवून आत आली. माझ्याकडे न बघता सुमनला म्हणाली, "सांग त्यांना, हात धुऊन आले असतील तर बाळ घेऊ देत." आणि तिनंच उचलून नात माझ्या हातावर ठेवली. तिचा चेहरा माझ्यापासून वीतभर होता. हीच वेळ होती.  मी वाक्य जुळवलं, घसा खाकरला, तोंड उघडलं.

"अकरा," मी म्हणालो.

"काय?"

"धूळ. अकरा आहे. फार चांगली."

मावशीनं मान हलवली, म्हणाली, "बरं," आणि शेगडीकडे गेली.

त्यानंतर चार वेळा तलासरीला जाऊन आलो. दर वेळी माफी तोंडात धरून जातो आणि आकडा सांगून परत येतो.