रात्रपाळीच्या आठवड्यातली गोळी

पोलादपूरच्या बाजारात एका कापडदुकानाच्या ओट्यावर रेश्मा उतेकरचं शिलाई मशीन असतं. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश ती शिवते, पण तिच्याकडे सगळ्यात जास्त गर्दी असते ती चेन बिघडलेल्या बॅगांची. जून महिन्यात तर ओट्यावर दप्तरांचा ढीग लागतो. माहेर तिचं कापडे गावचं, सासर त्याच्याच वरच्या अंगाला डोंगरातल्या वाडीत. लग्न झालं तेव्हा नवरा हर्षद मुंबईत एका केटरिंगवाल्याकडे कामाला होता. वाडीत सासू बयाबाई आणि भातशेतीचे चार तुकडे.

रेश्माला दिवस गेले तेव्हा महाडला सरकारी दवाखान्यात तिचं रक्त तपासलं. सगळ्याच गरोदर बायकांचं तपासतात. चार दिवसांनी पुन्हा बोलावलं, पुन्हा रक्त घेतलं आणि मग दिशा मॅडमनी दार लोटून घेऊन सांगितलं की तिला एचआयव्ही आहे. दिशा मॅडम तिथल्या समुपदेशक. हर्षदला बोलावून घेतलं. त्याच्याही रक्तात निघाला.

बाहेर आल्यावर रेश्माने त्याला एकदाच विचारलं, "कधीचं?"

"लग्नाआधीचं असंल. मला ठावं नव्हतं गो," तो म्हणाला.

ती माहेरी निघून गेली. आईला काय सांगावं ते सुचेना, म्हणून बाळंतपणाला लवकर आले एवढंच म्हणाली. हर्षद सुट्टी मिळेल त्या रविवारी कापड्याला यायचा, ओटीवर बसायचा, चहा प्यायचा आणि जायचा. रेश्माला त्याचा राग होता आणि तो आल्याशिवाय चैनही पडत नव्हतं. स्वराचा जन्म झाला, बाळाला औषधाचे थेंब सुरू झाले, आणि महिन्याभराने रेश्मा आपणहून वाडीत परतली. स्वरा दीड वर्षाची झाल्यावर तिची शेवटची तपासणी झाली. तिला काही नव्हतं. त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसून रेश्मा इतकी रडली की, पोर आईकडे बघत राहिली आणि तीही रडायला लागली.

दोघांना रोज रात्री झोपताना एक गोळी होती. गोळीने गरगरायचं, चित्रविचित्र स्वप्नं पडायची. बयाबाईला त्यांनी रक्त वाढायच्या गोळ्या म्हणून सांगितलं होतं. पुढे लॉकडाउनमध्ये केटरिंग बंद पडलं, हर्षद घरी आला आणि महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कंत्राटावर लागला. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. तब्येत सुधारली, गाल भरले. मग वर्षाची तपासणी आली. रेश्माच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकासुद्धा उरला नव्हता. हर्षदच्या रक्तात मात्र तो पुन्हा वाढला होता.

त्या दिवशी हर्षद पाळीवर होता. पण तपासणीचं कळल्यावर जे काही असेल ते रेश्माला सांगा, असं तो आधीच मॅडमना सांगून आला होता.

"गोळी बिघडली का मॅडम?" रेश्माने विचारलं.

"गोळी नाही, विषाणू बदलला असणार," मॅडम म्हणाल्या. "बघ, या विषाणूजवळ आर.एन.ए. नावाचा एक धागा असतो. त्याला कसं घडवायचं याची सगळी माहिती त्या धाग्यावर. करोनाचा विषाणूही आर.एन.ए.चाच. पण तो आर.एन.ए.वरून सरळ आर.एन.ए.च्याच नकला काढतो. हा आपला उलट चालतो. आर.एन.ए.वरून डी.एन.ए. बनवतो, आणि तो डी.एन.ए. आपल्या पेशीच्या डी.एन.ए.मध्ये शिरून बसतो. म्हणून तो मुळासकट निघत नाही, आणि म्हणून गोळ्या जन्मभर."

"आणि ही नक्कल काढतो कोण?"

"एक एन्झाइम. विषाणू ते स्वतःबरोबरच घेऊन येतो. भराभर नक्कल काढतं, पण काढलेलं परत तपासत नाही. त्यामुळे चुका फार. आपली गोळी त्या एन्झाइमलाच अडवते. रोज घेतली तर नक्कलच निघत नाही, मग चूक होणार कुठून? मधे मधे सोडली की काम पुन्हा सुरू होतं. चुकीच्या नकलांत एखादी अशी निघते की तिचं एन्झाइम गोळीला जुमानत नाही. मग तीच वाढत जाते."

रेश्मा म्हणाली, "म्हणजे त्यांनी गोळ्या सोडल्यात."

"ते त्यालाच विचार," मॅडम म्हणाल्या. "पण भांडू नकोस. आधी ऐकून घे."

दुसऱ्या दिवशी दुपारी दिवसपाळी सुटल्यावर हर्षद मोटारसायकलवरून बाजारात आला. रेश्मा एका दप्तराची चेन बदलत होती. ओट्यावर दुसरं कोणी नव्हतं. तिने आदल्या दिवशीचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मंग ती गोळीच कामाची नाय."

रेश्माने त्याच्यासमोर एक अर्धी लावलेली चेन धरली, ती ओढायचा रनर वर सरकवला. "ह्यो रनर म्हंजे त्याचं मशीन. एका बाजूचे दात बघून दुसऱ्या बाजूचे लावीत जातो. मॅडम म्हणाल्या, आपल्या गोळीत तीन औषधं हायत. दोन औषधं खोटे दात हायत. असा खोटा दात बसला की त्याच्याम्होरं दात लागत नाय, रनर थितंच थांबतो. आन तिसरं औषध रनरच्या खाचंतच काडी घालतं."

"मंग अडकला पायजे ना."

"अडकतो. पण तुमी गोळी सोडली की काडी निघाली. रनर धावला. धावताना चुकला, आन एक रनर असा निघाला, त्याची खाचच येगळी. काडी बसंचना, खोटे दातबी तो घेईना. आता तुमच्या अंगात त्येच रनर भरलेत."

हर्षदने चेन हातात घेतली, खालीवर केली आणि ठेवून दिली. तो रस्त्याकडे बघू लागला. कशेडी घाटाकडे जाणाऱ्या ट्रकची रांग लागली होती.

"रात्रपाळीला नाय घेत मी," शेवटी तो म्हणाला. "गरगरतं. वर टाकीपाशी चढायचं असतं, खाली गरम पाणी, ॲसिड. एकदा शिडीवर हात सुटला व्हता माझा. आन डबी बॅगेत वाजते. बसमधी पोरं इचारतात, कसल्या रे गोळ्या."

शिडीचं रेश्माला माहीत नव्हतं. तिने मशीनवरून पाय काढला. "मला का नाय सांगितलंत?"

"काय सांगू? आधीच तुला एवढं दिलं मी."

तिने त्याला समोरच्या टपरीवरून चहा आणायला पाठवलं आणि तो येईपर्यंत तोंड धुऊन आली.

पुढच्या आठवड्यात दोघं महाडला गेले. डॉक्टरांनी शिडीचं ऐकल्यावर आधी हर्षदला कुठे लागलं होतं का ते विचारलं. मग आणखी तपासण्या झाल्या आणि गोळ्या बदलल्या. नव्या गोळ्यांनी चक्कर येत नव्हती, त्या सकाळ-संध्याकाळ जेवणाच्या वेळेला घ्यायच्या. वाजणाऱ्या डबीचा उपाय सोपा निघाला. रेश्माने परकर शिवून उरलेल्या मऊ कापडाची एक थैली शिवली आणि दोन दिवसांच्या गोळ्या डबीऐवजी त्यात ठेवायच्या ठरल्या.

परतताना हर्षद म्हणाला, "आयेला सांगतो."

"आज?"

"आजच. रक्ताच्या गोळ्या, रक्ताच्या गोळ्या किती दिस सांगायचं."

बयाबाई परसात कोंबड्यांना खुडवळीत घालत होती. हर्षद तिच्याजवळ उकिडवा बसला आणि त्याने सांगितलं. रेश्मा दारात उभी होती.  शेवटची कोंबडी आत घालून म्हातारीने फळी लावली.

"पोरीला नाय ना?"

"नाय आये."

"मंग झालं." ती उठली, पण रेश्माकडे न बघता आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून तिने आपला पेला वेगळा ठेवला, चुलीमागच्या फळीवर. रेश्माने दिशा मॅडमकडून ऐकलेलं तिला पुन्हा पुन्हा सांगितलं की, भांड्यातून, जेवणातून, हात लावल्याने हे लागत नाही. बयाबाई मान हलवायची आणि पेला वेगळाच ठेवायची. रेश्माच्या मनाला ते लागायचं. एकदा ती हर्षदला म्हणालीसुद्धा, "तुमच्या आयेपरीस मॅडम बऱ्या." लावणीच्या दिवसांत बयाबाईला ताप आला, रेश्मा तिचं सगळं करत होती, आणि त्यातच कधीतरी तो पेला बाकी भांड्यांत मिसळला. त्यानंतर तो वेगळा झाला नाही. 

हिवाळ्यात हर्षदची पुन्हा तपासणी झाली. विषाणू खूप खाली आला होता, अजून मोजता येत होता. मॅडम म्हणाल्या, उतरतोय, असंच चालू ठेव. त्यापुढच्या तपासणीला विषाणू मोजण्याच्याही खाली गेला. हर्षदने विचारलं, आता जास्तीच्या रात्रपाळ्या मागितल्या तर चालेल का, भत्ता जास्त मिळतो. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, चालेल, पण शिडी चढताना धरून चढ.

रेश्मा तेव्हा बाहेर बाकावर बसली होती. शेजारी एक बाई येऊन बसली, तोंडावर पदर ओढलेला, हातात दवाखान्याचा कागद. रेश्माने पिशवीतली पाण्याची बाटली तिच्यापुढे केली.