वीतभर अलीकडे

भिवंडीत रिकाम्या हवेला सगळ्यात जास्त मान कोणी देत असेल, तर माझ्या थोरल्या मेहुणीबाई. माणसांशी ताई तशा फटकळच. सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून झाली, त्यामुळे इंजेक्शन आणि खरं बोलणं, दोन्ही समोरच्याला न विचारता टोचायची सवय. पण समोर कोणीच नसेल, तर त्या आधी वाकून नमस्कार करतात आणि मगच लढायला घेतात. कराटेत याला काता म्हणतात. ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या दिशांना, न दिसणाऱ्या माणसांशी केलेली लढाई. त्यांच्या कात्याची सुरुवात मारण्याने नाही, अडवण्याने होते, आणि शेवट होतो तो जिथून निघालो त्याच जागी. हे सगळं त्यांनी मला माझ्याच लग्नाच्या पंगतीत, हातातली जिलबी खाली ठेवायला लावून समजावलं होतं.

घरातही तेच. भाजीवाल्याने हाक मारली, की ताईंची आधी मान वळते, मग कंबर, मग पाय. आमचे साडूभाऊ म्हणतात, "चहा घेताना सांभाळा. कप येत नाय, कोपर येतो." जवळच्या शेलार गावात एका बंद पडलेल्या पॉवरलूमच्या शेडमध्ये त्यांचा मुलींचा वर्ग भरतो. लूम कधीच भंगारात गेले. लूमचे पाय जिथे रोवले होते, तिथे जमिनीवर सिमेंटची ठिगळं उरली आहेत. प्रत्येक मुलीला एक ठिगळ नेमून दिलेलं. तिथून निघायचं, तिथेच परत यायचं. शेजारच्या शेडमधले लूम मात्र जोरात चालू असतात, त्यामुळे ताईंचा आवाज कोणाला ऐकू येत नाही. मुली पुढे उभ्या असलेल्या ताईंच्या टाचांकडे बघून शिकतात.

एखाद्या मुलीचे वडील ड्युटीवरून येऊन विचारतात, "मॅडम, पट्टा कब मिलेगा?" त्यावर ताई सांगतात, "अभी कंबरच तयार नाही, बांधू कशाला?" एकदा सना नावाची मुलगी नुसतेच हात फिरवत होती. ताई तिच्या कानाशी जाऊन ओरडल्या, "समोर कोण आहे?"

"कोई नहीं, मॅडम."

"मग मारतेस कुणाला? हवेनं तुझं काय वाकडं केलंय?"

सनाने डोळे मिटून जरासा विचार केला. तिच्या मनात कोण आलं कोण जाणे, पण पुढचा ठोसा असा आला, की दारात उभा असलेला मी एक पायरी खाली उतरलो.

आणि अशा बाईंचा काता गेल्या वर्षी एका संध्याकाळी संपला, तेव्हा त्या ठिगळावर नव्हत्या. वीतभर अलीकडे होत्या. तुम्ही-आम्ही म्हणू, बरं मग? ताईंनी आधी जमिनीवर संशय घेतला. ठिगळांची ओळ दोरी लावून मोजून झाली. मग घरच्या गच्चीवर खडूने खूण करून बघितली. तिथेही वीतभर अलीकडेच. डॉक्टर म्हणाले, उजवा गुडघा झिजलाय. "गुडघ्याचं मला ठाऊक होतं," ताई म्हणाल्या, "पण पायानं मला न सांगता पाऊल आखूड केलं, हे ठाऊक नव्हतं. वर्ग बंद करते, भावोजी. मलाच परत येता येईना, तर पोरींना परत कशी आणू?" इतकी वर्षं त्यांची थट्टा करणारा मीच म्हणालो, "इतक्यात नको." त्या शेडसाठी गोडाऊनवाले टपलेलेच होते.

शेवटच्या दिवशी ताई बाजूला स्टुलावर बसून नुसत्या बघत राहिल्या. मुलींनी काता केला. संपला तेव्हा अख्खी रांग, अगदी सरळ ओळीत, आपापल्या ठिगळाच्या वीतभर अलीकडे उभी होती.

ताई उठल्याच. "तुमचे गुडघे तर धड हायत ना गं?"

"मॅडम, आप वहीं पे रुकते हो ना," सना म्हणाली. "हमको लगा, तेच बरोबर आहे."

ताईंनी स्टूल पायाने बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "माझं लंगडणं तुमच्या पायात ठेवून मी घरी बसू होय? चला, पहिल्यापासून." वर्ग बंद करायची गोष्ट तिथेच संपली.

आता पुढे सना उभी राहते आणि मुली तिच्या टाचा बघतात. सगळ्या ठिगळावर परत येतात. ताई शेवटच्या रांगेत असतात आणि वीतभर अलीकडे थांबतात. मी एकदा म्हटलं, "हळूच सरका की थोडं. कोण बघतंय?"

"ज्याच्याशी लढले, तो बघतोय ना," त्या म्हणाल्या, आणि तिथूनच वाकल्या. हल्ली त्या वाकल्या, की दारात मीही वाकतो. पोट आड येतं, पण वाकतो.