आधी वाचून दाखवा

मुनिमानं माझं मनगट पकडलं आणि अंगठा शाईत दाबला. मला विचारलंसुद्धा नाही. गुराला डाग देतात तसं.

खामगावच्या एका जिनातली ही गोष्ट. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं. कापसाचा हंगाम लागला होता. सरकी काढायच्या यंत्रावर, रेच्यावर, कापूस टाकायच्या कामासाठी आम्ही पिंपळगाव राजा गावच्या पोरी मुनिमाच्या ओसरीखाली उभ्या होतो. ओसरीवर चढायची आम्हाला मनाई. हात तेवढा वर करायचा.

मी गावच्या शाळेत शिकले होते. दाराबाहेर बसून, पण शिकले होते. कराराच्या कागदाकडे पाहिलं तर सगळी मोडी. आम्हाला शिकवलेली बालबोध. एक अक्षर लागेना.

"वय काय?" मुनिमानं आधीच विचारलं होतं.

"पंधरावं चालू हाय."

त्यानं काहीतरी लिहिलं. मी म्हटलं, "काय लिवलं जी?"

"मी लिहिलं तेच तुझं वय."

मुकादम हसला. आमच्याच वस्तीतला माणूस, तोही हसला.

मला गंगी आठवली. माझी चुलत बहीण. मागच्या हंगामात तिची माय वारली म्हणून ती घरी आली, तर सुतकातच हा मुकादम दारात. "कागदावर अंगठा हाय तुहा. हंगाम सरल्याबिगर सुटका नाई." तिला घेऊन गेला. कागदात खरंच तसं होतं का? कोणास ठाऊक. कुणी वाचून दाखवलाच नव्हता.

शाईचा अंगठा मी मुठीत घेतला.

"आधी वाचून दाखवा. मंग लावतो."

"तू कामाला आलीस की कोर्टात?" मुनीम माझ्या पायाशी थुंकला.

मुकादम कानाशी आला. "काऊन सगळ्याईच्या पोटावर पाय देऊन राह्यली?"

कागदात वाईट काही नसेल, तर वाचायला काय जात होतं त्याचं? मी हात ओढून घेतला. बाकीच्या पोरींनी खाली मान घालून अंगठे लावले. त्यातल्या सखूनं लावण्याआधी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी एकटी गावाकडे चालू लागले.

ते वर्ष वाईट गेलं. मिळेल त्याच्या वावरात निंदलं, वेचलं. उपास पडले. बाप माझ्याशी बोलत नव्हता.

पुढच्या हंगामात मी पुन्हा तिथंच उभी राहिले. सोबत गंगी होती, सखू होती. तिघींनी हात पाठीमागे धरले. आवारात कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली आणि रेच्यावर माणसं कमी. मुनिमानं शिव्या दिल्या, मग कागद उचलला आणि भराभर वाचून खाली ठेवला.

"झालं. लावा आता."

त्याची नजर कागदाच्या अर्ध्यावरच थांबलेली मी पाहिली होती.

"खालचं राह्यलं," मी म्हटलं. "पुन्हा वाचा. सावकाश. आम्ही हालत नाई इथून."