शकुने डबा दिला नाही

दोरीवर अर्धे कपडे वाळत घालून झाले होते, तेवढ्यात शकुला स्वयंपाकघराच्या खिडकीतून नवऱ्याचं बोलणं ऐकू आलं. चिमटे बादलीत टाकून ती तशीच घरात शिरली.

सासूबाईंना जाऊन सहा दिवस झाले होते. त्यांच्या अस्थींचा डबा कपाटात होता. तिचा नवरा पुरुषोत्तम आणि ऑकलंडहून आलेला त्याचा चुलतभाऊ मधुकर यांचं ठरलं होतं, की उद्या पहाटे, कोणी उठायच्या आत, समोरच्या धक्क्यावरून अस्थी नदीत सोडायच्या.

"कोणी उठायच्या आत का?" शकुने विचारलं. "आईंना पोचवायचंय की चोरी करायचीय?"

"वहिनी, ही वायकाटो नदी म्हणजे इथली गंगाच समजा," मधुकर म्हणाला.

"तुम्ही समजा हो. इथले लोक काय समजतात ते माहितीय?"

तिला माहीत होतं. शेजारची आरोहा माओरी, न्यूझीलंडच्या मूळच्या लोकांतली. तिचा भाऊ याच पाण्यात ईल मासे धरतो, घरी शिजवतो. जिथलं अन्न खायचं त्या पाण्यात माणसाची राख टाकणं त्यांच्यात विटाळ, हे आरोहानेच तिला सांगितलं होतं. आठ वर्षं शकुने सासूबाईंना न्हाऊ घातलं, भरवलं, रोज संध्याकाळी व्हीलचेअरवरून नदीकाठी नेलं. सासूबाई नदीला हात जोडायच्या आणि आरोहा त्यांचे पाय शालीत गुंडाळायची. तिच्याच पाण्यात आता चोरून?

"मुलगा मी आहे," पुरुषोत्तमचा आवाज चढला. "आईचं काय करायचं ते मी ठरवीन."

"अरे वा! आठ वर्षं हा मुलगा कुठल्या मीटिंगमध्ये होता? एकदा तरी डायपर बदललंत? आता पुण्य मिळवायला बरे पुढे!"

पुरुषोत्तम कपाटाकडे निघाला, तर शकु आधीच कपाटाच्या दाराला पाठ लावून उभी.

"हात लावून बघा. मी आत्ता आरोहाला हाक मारते आणि तिच्यासमोर सांगा काय करणार होतात ते."

तो थांबला. "मग काय, आईला कपाटात ठेवायचं?"

"दहाव्याच्या आत जागा मी शोधते. विचारून, उजेडात."

तिने डबा उचलून पदराखाली घेतला, देवघराशेजारच्या खोलीत ठेवला आणि कुलूप लावून किल्ली कनवटीला खोचली. पायात चपला सरकवून ती कुंपणापलीकडे निघाली, अस्थी कुठे सोडलेल्या चालतील ते आरोहाला विचारायला.