हौशीचं पाऊल

सूर्यमाळच्या पाड्यावर हौशीसारखी हसणारी बाई नव्हती. दोन हंडे डोक्यावर, एक कमरेला, आणि चढावर पण तोंड चालूच. तिची आई छातीच्या गाठीनं गेली, मावशी तशीच गेली, मग हौशीला गाठ आली. लोक म्हणले, या घरच्या बायांना बाधा हाय. धाकटी बहीण हिरी तिला मुंबईला घेऊन गेली.

डॉक्टरीण बोलली, "बाधा नाही बाई. रक्तातला दोष आहे, आईकडून लेकीला येतो. तो दोषच दुरुस्त करायचं औषध शोधतायत, अजून हातात नाही. गाठीचा तुकडा द्याल? बाटलीत जिवंत ठेवून त्याच्यावर औषधं करून बघतात."

हौशीनं अंगठा दिला. "आजपर्यंत कोणी माझं काय मागितलं नाय गं हिरे. गाठ तरी मागितली! मला नाय तर तुला उपेगी पडंल."

माघात हौशी गेली. दहाव्याला सांजेला, जिथं जीव सोडला तिथं नाचणीचं पीठ पसरलं, वर टोपली पालथी घातली. गेलेलं माणूस पाऊल उमटवून जातं. सकाळी भिका भगतानं टोपली उचलली. पीठ जसंच्या तसं. मुंगीपण फिरली नव्हती.

"गेलीच नाय ती," भिका म्हणला. "तिचं काय तरी जितं ऱ्हायलंय."

हिरीला बाटली आठवली. सांगून टाकलं.

"ती आण. जाळू. नायतर तुला घेऊन जाईल."

हिरी परत मुंबईला गेली. दवाखान्यात बाटल्या सांभाळणाऱ्या पोरीनं तिला यंत्राला डोळा लावायला सांगितलं. आत बारीक बारीक ठिपके, एकमेकाला चिकटून.

"ह्या तुमच्या ताईच्या गाठीतल्या पेशी. वाढतायत अजून. कालच नव्या बाटलीत घातल्या."

हिरीनं बाटली जाळायला मागितली. हौशीला जाळून महिना झाला व्हता.

"बंद करायचं तर इथं सही करा."

हिरीनं पेन धरला. "औषध लागतंय का हिला?"

"एकानं थोड्या मेल्या. अजून बघतोय."

हिरीनं पेन ठेवला, बाही वर केली. "ऱ्हाऊ द्या तिला. माझं रक्त तपासा."

रक्ताचा कागद अजून आला नाय. भिका घरात पाय टाकत नाय. हिरी रोज सांजेला तेच पीठ सारखं करून टोपली घालते, सकाळी हळूच उचलते. पीठ कोरं दिसलं की तिचा जीव भांड्यात पडतो. आता तिला भ्या वाटतं ते पाऊल उमटायचं.